फार्मसीला जायला दुकानातला अनुभव लागत नाही, पोरांना घाबरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बार्शीत मेडिकल चालवते, पंचवीस वर्षं होत आली. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे. गाव लहान आहे आणि ज्यांच्याबद्दल लिहितेय ती माणसं रोज दुकानासमोरनं जातात, म्हणून माझं नाव छापू नका ही विनंती. पण पत्र जरूर छापा, कारण सध्या ॲडमिशनचे दिवस आहेत आणि जे मी बघतेय ते बाकीच्या गावांतही चाललं असणार.

महिनाभरापूर्वीची गोष्ट. दुपारी दोनचा सुमार, गर्दी नव्हती. भूमकडचे एक शेतकरी गृहस्थ पोरीला घेऊन आले. पोरीच्या हातात प्लास्टिकची फाइल, त्यात बारावीचं मार्कशीट, सीईटीचं स्कोअरकार्ड, नॉन क्रिमिलेअर, सगळं नीट लावलेलं. गृहस्थ जरा घुटमळले आणि म्हणाले, मॅडम, पोरगी तुमच्याकडं दोन वर्षं कामाला होती असं दुकानाच्या लेटरहेडवर लिहून द्या, काय पैसे होतील ते देतो. मी म्हटलं कशाला हवंय? तर म्हणे फार्मसीला घालायचीय, आणि ॲडमिशनची कामं करून देणारे एकजण आहेत ते म्हणाले मेडिकलमधला अनुभव दाखवला नाही तर चांगलं कॉलेज लागत नाही, नाहीतर मग मॅनेजमेंटमधनं सीट घ्या, आत्ताच निम्मे पैसे भरा म्हणजे अडवून ठेवतो. ते गृहस्थ सोयाबीनचे राहिलेले पैसे आणि सोसायटीचं कर्ज धरून हिशोब करत होते. आणि दोन वर्षं म्हणजे पोरगी अकरावी बारावीला असताना! तेवढ्या वेळात तिने अभ्यास केला की माझ्याकडं गोळ्या विकल्या, असं कुणी विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं? पोरगी मान खाली घालून फाइलचं बटण उघडझाक करत होती.

मी सर्टिफिकेट दिलं नाही. दोघांना आत बसवलं, पाणी दिलं, आणि जे सांगितलं तेच इथं लिहितेय, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत असं विचारत आलेले हे पाचवे का सहावे पालक.

महाराष्ट्रात बी.फार्म.ला, म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीला, जायला बारावी सायन्स लागते, फिजिक्स केमिस्ट्री आणि बरोबर बायो किंवा मॅथ्स. या विषयांत ओपनला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के. मग एमएचटी-सीईटी, किंवा नीटचा स्कोअरही चालतो. त्यावर मेरिट लिस्ट लागते आणि कॅप राउंडमधनं, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांमधनं, कॉलेज मिळतं. डी.फार्म. हा डिप्लोमा दोन वर्षांचा, त्याला सीईटीच नाही, बारावीच्या मार्कांवर तंत्रशिक्षण संचालनालय ॲडमिशन करतं आणि परीक्षा एमएसबीटीई, म्हणजे राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ, घेतं. फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) सहा वर्षांचं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. यातल्या कुठल्याही फॉर्मवर कामाच्या अनुभवाचा रकाना नाहीये. मार्क, जात, उत्पन्न, डोमिसाइल, एवढंच विचारतात. तुम्ही आयुष्यात कधी मेडिकलची पायरी चढला नसाल, घरात कुणी आजारी पडलं नसेल, तरी तुमचा नंबर तिथंच लागणार जिथं तुमच्या मार्कांनी लागायचा.

उलट त्या मॅनेजमेंट सीटमध्ये खरा तोटा आहे, तो या लोकांना कुणी सांगत नाही. वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना डिग्रीच्या व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधनं झालेलं असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातनं घेतलं की ती सवलत गेली. म्हणजे ज्या बापाच्या पोरीला फी माफ होऊ शकत होती, त्याला अनुभवाची भीती घालून फी भरायच्या रांगेत उभं करायचं, वर त्याच्याकडनं सीटचे पैसे घ्यायचे. हे मला सहन होत नाही. म्हणून लिहायला बसले.

आता ही अनुभवाची हवा आली कुठनं, याचाही मी शोध घेतला. माझ्या जावेचा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याची मुलगी तिकडं फार्मसीला गेली. त्याआधी कॉलेजात असताना ती एका औषध दुकानात टेक्निशियन म्हणून काम करायची, त्यामुळं अर्जात तिला लिहायला पुष्कळ होतं, इंटरव्ह्यूतही त्यावर बोलणं झालं. तिकडचा अर्ज वेगळाच असतो, तुम्हाला फार्मसीलाच का यायचंय ते निबंधासारखं लिहून द्यावं लागतं, शिफारसपत्रं लागतात, मुलाखत होते. तिथं दुकानातला अनुभव असला तर बरं दिसतं. पण तिलाच मी फोनवर विचारलं तर ती म्हणाली, मामी, माझ्या वर्गात कितीतरी जण असे होते ज्यांनी आधी काउंटर बघितलाच नव्हता, बहुतेक कॉलेजात अनुभव ही अट नाहीये, असला तर चांगलं एवढंच. त्यांची पीकॅट नावाची प्रवेश परीक्षा होती ती पण २०२४ पासून बंद झाली. आणि शिकवतातच इतकं की आधीचं फार कामाला येत नाही, सुरुवातीच्या वर्षांमध्ये मिळून निदान ३०० तास प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग आणि शेवटच्या वर्षी १४४० तास. हे तिकडच्या मान्यता देणाऱ्या संस्थेचेच नियम आहेत.

मुळात तिकडं टेक्निशियन ही एक वेगळी मान्य नोकरी आहे, बऱ्याच राज्यांत तिची नोंदणी असते, त्यांनी काय करायचं काय नाही ते ठरलेलं आहे. आपल्याकडं असं काही पदच नाही. आपल्याकडं काउंटरमागं एक फार्मासिस्ट असतो आणि बाकी सगळे कामाला असलेले लोक. त्यामुळं तिकडचं ऐकून इकडं ‘अनुभव आणा’ म्हणणं चूकच आहे. (जाता जाता एक, कारण त्याच दिवशी त्या पोरीच्या वडिलांनी विचारलं होतं, पुढं पोरगी अमेरिकेला जाऊ शकेल का. २००३ नंतर पास झालेल्यांना तिकडच्या फार्मासिस्टच्या लायसनसाठी जी परीक्षा असते तिला निदान पाच वर्षांचा कोर्स लागतो, आपलं चार वर्षांचं बी.फार्म. त्यात बसत नाही. फार्म.डी. बसतं. हे आधी माहीत असलेलं बरं, चार वर्षं झाल्यावर कळून उपयोग नाही.)

आणि कायदा काय म्हणतो? फार्मसी ॲक्ट १९४८, कलम ४२. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करणं, मिसळणं, देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कुणी करायचं नाही, केलं तर शिक्षा. म्हणजे बारावीच्या पोरीने माझ्या दुकानात दोन वर्षं औषधं दिली असं मी लिहून दिलं असतं, तर मी माझ्याच गुन्ह्याचा कबुलीजबाब दुकानाच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी दिला असता. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा पटलं. म्हणाले, म्हंजे अनुभव नाय हेच बरोबर हाय. मी म्हटलं अगदी बरोबर, अठरा वर्षांच्या पोरीकडं तो नसलाच पाहिजे.

एक काळ असा होता खरा की अनुभवावर फार्मासिस्ट होता यायचं. हा कायदा आला तेव्हा पहिलं रजिस्टर बनवताना त्यात अशी सोय ठेवली होती की ज्याने दवाखान्यात किंवा चिठ्ठीवर औषध देणाऱ्या ठिकाणी पाच वर्षं कंपाउंडिंग, म्हणजे औषधं मिसळून तयार करायचं काम, केलंय त्याचं नाव घालता येईल. ते बरोबरच होतं, कारण तेव्हा शिकलेली माणसं होतीच किती? बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी फार्मसीचं शिक्षण सुरू केलं ते १९३२ ला. त्याच्या आधी सरकारने कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली होती, औषधांचा आणि औषध देणाऱ्यांचा एकूण सावळागोंधळ बघून. माझ्या आजोळी एक म्हातारे कंपाउंडर होते, पांढरं धोतर, काळा कोट, लाल मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचे, एक खाच म्हणजे एक डोस. अशा माणसांना रस्त्यावर आणायचं नाही म्हणून ती सोय होती. पण ते पहिल्या रजिस्टरपुरतं. त्यानंतर दार शिक्षणाचंच ठेवलं, आणि ते का ठेवलं ते मला त्या पोरीसमोरच दिसलं, ते सांगते.

झालं असं की ती पोरगी बार्शीत मावशीकडं राहणार होती फॉर्म भरायचं काम होईपर्यंत. मी तिला म्हटलं, सर्टिफिकेट देणार नाही पण तुला बघायचं असेल तर आठ दिवस दुकानात येऊन उभी राहा. औषधाला हात लावायचा नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. खोकी उघडायची, स्टॉकिस्टच्या बिलाशी बॅच नंबर आणि एक्सपायरी जुळवायची, फ्रिजचं टेंपरेचर सकाळ संध्याकाळ वहीत लिहायचं, आणि ऐकायचं. ती आली. पहिले दोन दिवस नुसती भिंतीला टेकून. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, काकू, तुम्ही स्ट्रिप कापताना नेहमी एकाच बाजूनं का कापता? मला इतकं बरं वाटलं! म्हटलं बघ, एक्सपायरी आणि बॅच या टोकाला छापलेली आहे, चार गोळ्या द्यायच्या तर दुसऱ्या टोकाकडनं द्यायच्या म्हणजे उरलेल्या सहा गोळ्या कधी संपतात ते शेवटपर्यंत वाचता येतं. ते टोक आधी कापून दिलं की उरलेली स्ट्रिप मुकी झाली. मी स्वतः ट्रेनिंगला असताना हे चुकले होते, आमच्या तिथल्या सिनिअर फार्मासिस्टनी माझ्यासमोर ती अख्खी स्ट्रिप बाजूला काढून टाकली, रागावले नाहीत, फक्त म्हणाले आता ही कुणाला द्यायची ते सांग. ते मी अजून विसरले नाही.

पाचव्या दिवशी वैरागच्या बाजूच्या एक आजी आल्या नातवाबरोबर. संधिवाताच्या. सोलापूरच्या डॉक्टरची चिठ्ठी, त्यावर मेथोट्रेक्झेट साडेसात मिलिग्रॅम आणि फोलिक ॲसिड. ही मेथोट्रेक्झेट आठवड्यातनं एकदा घ्यायची गोळी आहे. एकदाच. कॅन्सरमध्येही वापरतात ते औषध, संधिवाताला अगदी कमी डोसमध्ये देतात, आणि रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी खाली जातात, माणूस दगावू शकतो. म्हणून मी ही गोळी देताना कायम वार विचारते. म्हटलं, आजी, ही पिवळी गोळी कुठल्या वारी घेता? आजी म्हणाल्या, वार कुठला बाई, रोज रातच्याला जेवल्यावर. किती दिवस झाले? आज सहावा. आणि बोलताना जीभ जड वाटत होती त्यांची, मी म्हटलं आ करा, तर आत सगळं सोललेलं. दोन दिवस भाकरी खाता येत नव्हती, तिखट लागतंय म्हणून नुसता दूधभात. घरच्यांना वाटलं उष्णता झालीय, जिरं पाण्यात भिजवून देत होते.

मी तिथनंच त्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी तात्काळ घेऊन या म्हणून सांगितलं, नातवाने जीप केली. पाच दिवस ॲडमिट होत्या, त्यावरचं औषध आहे फोलिनिक ॲसिड ते दिलं, आजी वाचल्या. गेल्या आठवड्यात नातू येऊन सांगून गेला.

पहिल्या वेळेला गोळ्या घेतल्या होत्या दुसऱ्या एका दुकानात. तिथं मालक जेवायला गेलेले, काउंटरवर जो होता त्याने पाकिटावर लिहून दिलं होतं, १ रात्री. त्याचा अनुभव बारा वर्षांचा आहे, मी ओळखते त्याला, वाईट माणूस नाही, हजार औषधांची नावं तोंडपाठ, डोळे झाकून कप्पा काढतो. पण ही गोळी आठवड्यातनं एकदा का, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. चिठ्ठीवर डॉक्टरनी इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, त्याने नेहमीच्या गोळ्यांसारखी ती पण रोजची केली.

आजींची जीप गेल्यावर ती पोरगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, काकू, त्या आजींना वाचता येत नाही ना, मग पाकिटावर सोमवार लिहून तरी काय उपयोग? मी म्हटलं बरोबर आहे, म्हणून मी विचारते की तुमच्या गावचा बाजार कुठल्या वारी असतो. बाजारच्या दिवशीच रात्री ही गोळी, मधे नाही. बाजार कुणी विसरत नाही. आणि सकाळच्या गोळीच्या पाकिटावर सूर्य काढते, रात्रीच्यावर चंद्रकोर. तिने दुसऱ्या दिवशी येताना स्केचपेनचं पाकीट आणलं आणि दुपारी बसून पन्नास पाकिटांवर सूर्य नि चंद्र काढून ठेवले. ती पाकिटं अजून वापरतेय.

तर संपादकसाहेब, मला अनुभवाबद्दल आदर नाही असं कुणी समजू नये. माझ्याच दुकानात एक मुलगा नऊ वर्षं कामाला होता. बारावी सायन्स झालेला, बापाचं आजारपण आलं म्हणून शिक्षण सुटलं. सत्ताविसाव्या वर्षी मी त्याच्या मागं लागून डी.फार्म.चा फॉर्म भरायला लावला. वय आडवं आलं नाही, मधल्या वर्षांसाठी गॅप ॲफिडेव्हिट दिलं, झालं. त्या नऊ वर्षांचा एकही मार्क त्याला मिळाला नाही, बारावीच्या मार्कांवरच लागला नंबर. पहिल्या वर्षी मला म्हणायचा, मॅडम मला सगळं येतंय असं वाटायचं, पण मला नुसती नावंच येत होती. गॅसची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या असं तो नऊ वर्षं सांगत आला, का ते त्याला फार्माकॉलॉजीच्या वर्गात कळलं, की जेवणाने पोटातले ॲसिडचे पंप चालू होतात आणि गोळी तोवर रक्तात पोचलेली असली तरच ती त्यांना धरते. आणि त्याला काही गोष्टी विसरायला पण लागल्या. अँटिबायोटिक दोन दिवसांचं मागितलं की दोन दिवसांचं द्यायचं ही सवय. शेड्यूल एच१ चं, म्हणजे वेगळी नोंद ठेवायच्या यादीतलं, औषध दिलं की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं, हे मी त्याला सांगून थकले होते, त्याला ते मालकिणीचं खूळ वाटायचं. शिकून आल्यावर तोच मला विचारायला लागला, मॅडम आजचं रजिस्टर झालं का. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, लायसनवर स्वतःचं नाव.

त्यामुळं ज्यांना अनुभव आहे त्यांनी त्यावर बसून राहू नये, बारावी सायन्स असेल तर फॉर्म भरावा. आणि ज्यांना नाही त्यांना काहीही कमी नाही. वर्गात दोघं शेजारी बसतात आणि दोघांना पहिल्या दिवशी पाटी कोरीच लागते.

पण आता जे लिहिणार आहे ते माझ्याच धंद्यातल्या लोकांना आवडायचं नाही. अनुभव खरा लागतो तो ॲडमिशन झाल्यावर. डी.फार्म.ची दोन वर्षं झाली की तीन महिन्यांत ५०० तास ट्रेनिंग, आमच्या वेळी त्याला पार्ट थ्री म्हणायचे, आणि त्यातले २५० तास खरोखर चिठ्ठ्यांवरची औषधं द्यायची, फार्मासिस्टच्या नजरेखाली. बी.फार्म.ला सहाव्या सेमिस्टरनंतर चार आठवड्यांत १५० तास. ही जागा आहे अनुभवाची. आणि नेमकी इथंच किती पोरं दुकानात पाऊलही न टाकता सहीशिक्का घेऊन जातात! आमच्यातलेच लोक देतात सह्या. कुणी ओळखीवर, कुणी पैसे घेऊन. मलाही फोन येतात, मॅडम आमच्या पोराचं नोकरीचं बघायचंय, तेवढे ५०० तास कागदावर करून द्या. मी नाही म्हटलं की माणसं तुटतात, एका जवळच्या घरातल्या लग्नाचं बोलावणं आलं नाही मला त्यावरनं. तोच पोरगा पुढं रजिस्ट्रेशन करतो आणि सर्टिफिकेट एखाद्या दुकानाला वर्षाच्या बोलीवर भाड्याने देतो, स्वतः दुसरीकडं दुसरंच काम करतो, आणि त्या दुकानात भिंतीवर त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलेलं आणि काउंटरवर दुसराच कुणी. वैरागच्या आजींच्या पाकिटावर १ रात्री लिहिलं गेलं ते यातनंच.

म्हणजे बघा, जिथं अनुभव कुणी मागत नाही तिथं पोरांकडनं खोटा अनुभव लिहून घ्यायला निघालेत, आणि जिथं कायद्याने मागितलाय तिथं तो न करताच सही होतेय. २०२२ मध्ये डी.फार्म.नंतरच्या एक्झिट एक्झामचे, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या आधी द्यायच्या परीक्षेचे, नियम आले, त्यावरनं पोरांमध्ये पुष्कळ नाराजी आहे, मला त्यांची अडचण कळते, दोन वर्षं शिकून परत परीक्षा का असं त्यांना वाटतं. पण ती परीक्षा आणायची वेळ आपणच आणली असं माझं मत आहे. आम्ही दुकानदारांनी ते ५०० तास प्रामाणिकपणे करून घेतले असते आणि कॉलेजांनी ते तपासले असते तर वरून परीक्षा लावायचं कारण उरलं नसतं.

पालकांना माझं सांगणं एवढंच की पोराला फार्मसीला घालण्याआधी पैसे घेऊन एजंटकडं जाण्याऐवजी पोराला घेऊन ओळखीच्या फार्मासिस्टकडं जा. खऱ्या फार्मासिस्टकडं, जो स्वतः काउंटरवर असतो. चार-आठ दिवस नुसतं बघू द्या. कॉलेज बघताना एकच गोष्ट आधी बघा, त्या कॉलेजला त्या कोर्ससाठी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, कारण ती नसेल तर पास झाल्यावर रजिस्ट्रेशनच होणार नाही, मग इमारत कितीही चकाचक असू दे. पोरांना विचारा की तुला रोज आजारी, वैतागलेल्या, घाईतल्या माणसांशी बोलायला जमेल का. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं लिटरभर पाण्यात घालायचं, ग्लासात चमचा चमचा नाही, हे दिवसातनं पाच वेळा पाच आयांना न चिडता सांगता येईल का. आपल्याकडं फॉर्मवर हा प्रश्न कुणी विचारत नाही, अमेरिकेत विचारतात, आणि तेवढी एक गोष्ट मला तिकडची चांगली वाटते. पण त्यासाठी सर्टिफिकेट लागत नाही, घरात जेवताना विचारता येतं.

कुणाला दुकान नसेल पटत तर सरकारी दवाखान्यात औषध वाटपाच्या खिडकीसमोर एक सकाळ बसावं. एका माणसाला किती सेकंद मिळतात, त्यात फार्मासिस्ट काय सांगतो, माणूस काय ऐकून जातो, ते बघावं. आमच्या क्षेत्राचं सगळं बरंवाईट त्या खिडकीत दिसतं. आणि ज्यांना दुकान नको असेल त्यांनीही धीर सोडू नये, कंपन्यांमध्ये प्रॉडक्शन आहे, क्वालिटी कंट्रोल आहे, औषध निरीक्षकाची परीक्षा आहे, शिकवणं आहे. काउंटर हा त्यातला एकच रस्ता, मला आवडतो म्हणून मी त्याबद्दल जास्त लिहिलं.

आपल्या पेपरला एक विनंती. ॲडमिशनच्या काळात कॉलेजांच्या जाहिराती पानंच्या पानं येतात, त्याच पानावर कोपऱ्यात एक चौकट टाका की फार्मसी प्रवेशाला कामाच्या अनुभवाची अट नाही, फी माफीसाठी कॅपमधूनच प्रवेश घ्या, आणि कॉलेजची मान्यता तपासा. तीन ओळी होतील. भूम, परंडा, करमाळा इकडनं येणाऱ्या बापांचे त्यातनं पैसे वाचतील.

त्या पोरीचा फॉर्म भरून झाला. मावशीच्या घरी बसून तिने स्वतःच ऑप्शन भरले, मी फक्त शेजारी होते. वडील म्हणाले सीटचे पैसे वाचले तर यंदा विहिरीची मोटर बसवून घेतो. राउंडचा निकाल अजून यायचाय. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, काकू लिस्ट लागली का, आणि फोन ठेवायच्या आधी विचारते, आज फ्रिजचं टेंपरेचर किती होतं. दोन ते आठच्या मधे आहे म्हणून सांगितलं की ठेवते.

कुणाला यायचं असेल तर आपल्या कार्यालयाने माझा पत्ता खुशाल द्यावा. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, तेव्हा यावं. मार्कशीट आणायची गरज नाही.

आपली,
एक फार्मासिस्ट, बार्शी